टचपॅड बिघडला की बॅटरी फुगली?

प्रश्न : मी घरी बसून अनुवादाचं काम करते. लॅपटॉप जागचा हलत नाही आणि चार्जर रात्रंदिवस लावलेला असतो. महिनाभरापासून टचपॅड दाबलाच जात नाही, बोट दुखेपर्यंत जोर लावावा लागतो. झाकणही नीट मिटत नाही. सध्या माऊस लावून भागवते आहे. टचपॅड बदलून घेऊ का?

उत्तर : इतक्यात नको. बऱ्याच लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या खाली बॅटरी असते. टचपॅड आणि झाकण दोन्ही एकदम कुरकुरायला लागले, तर माझा पहिला संशय बॅटरीवर.

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. टेबलाच्या सपाट भागावर ठेवून समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने हलकेच दाबा. डुगडुगतोय? मग झाकण उघडून टचपॅडवर स्टीलची पट्टी आडवी, धारेवर उभी धरा आणि डोळा तिच्या पातळीला आणा. पट्टी मधे टेकली आणि दोन्ही टोकांखालून उजेड दिसला, तर खालून काहीतरी वर ढकलतंय.

माझाच जुना लॅपटॉप असा डुगडुगायला लागला, तेव्हा मी काय केलं? एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि तीन आठवडे खुशाल काम केलं. दुसऱ्यांना सल्ले देणारा मी! शेवटी तळाचे स्क्रू काढायला घेतले, तर शेवटचा स्क्रू निघताक्षणी तळाचं झाकण आपोआप वर आलं. आत बॅटरीची चंदेरी पाकिटं उशीसारखी टम्म.

होतं असं की लॅपटॉप-फोनमध्ये असते त्या लिथियम-आयन बॅटरीचा सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्टवर असतो. चार्जर लावून ठेवल्याने ती ‘जास्त’ चार्ज होत नाही, आतलं सर्किट ते थांबवतं. पण महिनोन्‌महिने काठोकाठ भरलेली आणि वर लॅपटॉपची ऊब, या जोडीने आतल्या द्रवाचं हळूहळू विघटन होतं आणि वायू तयार होतो. पाकीट सीलबंद, वायू जाणार कुठे?

तेव्हा चार्जर आता परत लावू नका. लॅपटॉप गरम नसेल, कसला वास येत नसेल, तर गरजेच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि बंद करून टाका. गरम लागला किंवा गोडसर, रसायनासारखा वास आला, तर फाइलींचा मोह सोडा; कागद-कपड्यांपासून लांब ठेवा. झाकण दाबून बसवायचं नाही. आणि टाचणीने हवा काढण्याचा विचार तर स्वप्नातही नको, बॅटरी पेट घेते. नवी बॅटरी सर्व्हिस सेंटरमधूनच बसवून घ्या, जुनी त्यांच्याकडेच द्या, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. टचपॅड बहुतेक फुकटात बरा होईल.

नवी बॅटरी आल्यावर लॅपटॉपच्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) चार्जिंगची मर्यादा शोधा. बहुधा ८० टक्क्यांचा पर्याय मिळेल. तो लावला की चार्जर खुशाल लावून ठेवा. पर्यायच नसेल, तर अधूनमधून चार्जर काढून ४० टक्क्यांपर्यंत उतरू द्या. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवत असाल, तर ते बंद.

प्रश्न : नवा फोन पहिल्यांदा आठ तास चार्ज करायचा आणि दर वेळी शून्यावर आल्यावरच चार्जर लावायचा, असं भाऊ सांगतो. खरं का?

उत्तर : भाऊंचं ज्ञान निकेल-कॅडमियमच्या जमान्यातलं आहे. त्या बॅटऱ्या अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केल्या की ‘तेवढंच’ लक्षात ठेवायच्या, म्हणून पूर्ण उतरवाव्या लागत. लिथियम-आयन १९९१ मध्ये बाजारात आली. तिच्या शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं, तरी जुना सल्ला मात्र जिवंत आहे. या बॅटरीला दर वेळी शून्यावर नेणं सोसत नाही. तीस-चाळीसला लावा, ऐंशीला काढा, अर्धा तास वेळ मिळाला तर तेवढाच लावा, काही बिघडत नाही. फोन वीस टक्के दाखवत असतानाच अचानक बंद पडत असेल, तर मात्र एकदा पूर्ण उतरवून सलग शंभरपर्यंत चार्ज करा, आकडा ताळ्यावर येऊ शकतो. तरीही बंद पडतच राहिला, तर बॅटरीच थकली आहे.