बालगृहात जाताना, वस्तीत जाताना : वाचकांचे प्रश्न

पोळा जवळ आला की या विषयावरची पत्रं वाढतात. सणावारांचे दिवस लागतात आणि माणसांना दुसऱ्यांची लेकरं आठवतात. हा टोमणा नाही, आठवतात हे चांगलंच आहे. बालगृहं आणि वस्त्या या दोन्हीकडे पंचवीसेक वर्षं ये-जा करून जे कळलं, त्यातून ही उत्तरं दिली आहेत. पत्रं थोडी आखूड केली आहेत आणि नावं काढली आहेत.

प्रश्न : मुलाचा सातवा वाढदिवस बालगृहात करायचा आहे. केक, जेवण आणि प्रत्येक मुलाला एक भेट. आमच्या मुलाला दुसऱ्याचं दुःख कळावं हा हेतू आहे. कशी तयारी करावी? (मनीषनगर)

दुःख कळावं म्हणून त्याला तिथे नेऊ नका. सात वर्षांच्या पोराला त्या दिवशी एवढंच कळतं की आपण देणारे आणि ते रांगेत बसणारे. अशा एका वाढदिवसाला मी हजर होते. वाढदिवसाचा मुलगा खुर्चीवर, समोर सतरंजीवर चाळीस मुली, टाळ्या वाजवून गाणं म्हणत होत्या. नऊ वर्षांची एक मुलगी माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, या हप्त्यातला हा तिसरा." तिचा स्वतःचा वाढदिवस कागदावर १ जून आहे, कारण खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही.

आधी अधीक्षकांना फोन करा आणि काय हवं ते विचारा. दिवाळीत, १५ ऑगस्टला आणि पितृपक्षात जेवणाचे दाते इतके येतात की अन्न उरतं. जूनमध्ये मात्र शाळेचे बूट मापाचे मिळत नाहीत. आतले कपडे, मोठ्या मुलींसाठी सॅनिटरी पॅड, उवांचं औषध, मार्चमध्ये कूलरची खस बदलायला आणि पंप दुरुस्तीला पैसे, अशी यादी ऐकायला मिळेल. फोटोत ती शोभत नाही, पण नागपूरचा मे महिना कूलरशिवाय काढून बघा म्हणजे कळेल.

फोटोंचंही सांगते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा किंवा चित्र प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सॲपचं स्टेटस म्हणजे आपल्या घरची भिंत नव्हे. डोळ्यांवर काळी पट्टी लावून फोटो टाकणं हा तर माझ्या मते आणखी वाईट प्रकार, त्यात मूल गुन्हेगारासारखं दिसतं.

तुम्हाला खरंच मुलांनी मुलांना भेटायला हवं असेल तर तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लहान मुलांच्या पोळ्याला जा. लाकडाचे साधे नंदी आणि रंग घेऊन आदल्या रविवारी जा, सगळ्यांनी मिळून बैल रंगवा, तुमच्या मुलानेही रंगवावा. संस्थेने परवानगी दिली तर शेजारच्या चार घरी बोजारा (बैल दाखवून मिळणारा खाऊ-पैसे) मागायला जाऊ दे सगळ्यांना. शहरातली सगळी पोट्टी त्या दिवशी बैल घेऊन दारोदार फिरत असतात. त्या गर्दीत बालगृहातलं मूल वेगळं ओळखू येत नाही.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत दोन महिने बालगृहात शिकवायची इच्छा आहे. मुलांशी नातं कसं जोडू? (हिंगणा रोड)

नातं जोडायच्या मागे लागू नकोस, गणित शिकव.

दोन महिने चालतील, पण ते पहिल्या दिवशीच सांग. "मी जुलैच्या शेवटच्या शनिवारपर्यंत येणार" हे फळ्यावर लिही. आठवड्याचे दोन दिवस ठरव आणि पाऊस असो की मित्राची पार्टी, त्या दिवशी त्या वेळी पोहोच. बालगृहातली मुलं येणाऱ्यांपेक्षा न येणारे जास्त बघतात. माझ्या पहिल्या वर्षी मी एका मुलाला महाराजबागेत वाघ दाखवायचं कबूल केलं होतं. परीक्षा आली, मी गेले नाही. दीड महिन्याने गेले तेव्हा तो माझ्याशी नेहमीसारखाच बोलला, वाघाचं नाव काढलं नाही. त्याला सवय होती, हे मला नंतर समजलं. रुसला असता तर बरं वाटलं असतं.

संस्था ओळखपत्र आणि पोलिसांची चारित्र्य पडताळणी मागेल, ती द्यायलाच हवी. जी संस्था काहीच न विचारता मुलांच्या खोलीत सोडते, तिथून परत ये. मुलासोबत बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही, स्वतःचा नंबर द्यायचा नाही, पैसे द्यायचे नाहीत. "तुझे आईबाबा कुठे आहेत?" हा प्रश्न विचारायचा नाही. तिथल्या अनेक मुलांना आई किंवा वडील आहेत. कुणाची आई वीटभट्टीवर आहे, कुणाचे बाबा तुरुंगात, कुणाची आजी दर महिन्याला चिवड्याची पुडी घेऊन भेटायला येते. 'अनाथाश्रम' हा शब्द म्हणूनच मी टाळते, तो बहुतेकांच्या बाबतीत खोटा आहे.

प्रश्न : मी ६१ वर्षांची, निवृत्त शिक्षिका, एकटी राहते. दोन वर्षांपासून दर गुरुवारी बालगृहात जाते. सहा वर्षांच्या एका मुलीचा फार लळा लागला आहे. तिला दत्तक घेता येईल का? निदान दिवाळीत चार दिवस घरी आणता येईल का? (धरमपेठ)

ताई, दत्तक घेता येणार नाही. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी एकट्या पालकाचं वय ५० च्या आत असावं लागतं. शिवाय बालगृहातलं प्रत्येक मूल दत्तक देण्याजोगं नसतं. बालकल्याण समितीने ते कायद्याने मोकळं झाल्याचं जाहीर करावं लागतं, आणि मग केंद्राच्या यादीतल्या क्रमाने पालक ठरतात. संस्थेशी ओळख असून उपयोग नाही, असूही नये. कुणी "आपण आपसात करून घेऊ" म्हणालं तर तिथून उठून या. प्रक्रियेबाहेर मूल देणंघेणं हा गुन्हा आहे.

दिवाळीला घरी नेणं समितीच्या लेखी परवानगीशिवाय होत नाही. परवानगी मिळाली तरी मी आग्रह करणार नाही. चार दिवस स्वतःची खोली, स्वतःचा पलंग, आणि पाचव्या दिवशी पुन्हा तीस जणींची ओळीने लावलेली अंथरुणं. ते परतणं सहा वर्षांच्या मुलीला कोण समजावणार?

दोन वर्षं गुरुवार न चुकवणारी आजी तिच्याकडे आहे. ते चालू ठेवा. तिला पालक मिळाले, तर जाताना सोबत द्यायला एक वही करून ठेवा : दात कधी पडला, पहिलं वाक्य कधी वाचलं, कोणती भाजी आवडत नाही. संस्थेच्या फाइलमध्ये वजन असतं, उंची असते, हे नसतं.

प्रश्न : आमचा सहा मैत्रिणींचा गट कळमन्याकडच्या एका वस्तीत महिन्यातून एकदा किराणा किट वाटतो. एका घरी बाई धुणीभांडी करते आणि नवरा खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खात खाटेवर पडलेला असतो. आपण त्याच्या खर्र्याचीच सोय करतोय असं वाटतं. मदत थांबवावी का? (नंदनवन)

खर्रा त्याने सोडायला हवा, तोंडाचा कॅन्सर काय असतो ते नागपूरकरांना सांगायला नको. पण तुम्ही त्या घरी पाहुण्या म्हणून गेलात की तपासायला, हे आधी ठरवा. आपल्या घरी आलेली पाहुणी अलमारी उघडून बघायला लागली तर आपल्याला चालेल?

किट वाटणं मात्र मी थांबवलं असतं, कारण वेगळं आहे. सहा घरांना किट आणि सातव्याला नाही, यातून वस्तीत नळावर जी भांडणं होतात ती तुम्ही घरी गेल्यावर होतात. आणि पाच किलो तांदूळ पंधरा दिवसांत संपतो.

त्यापेक्षा त्यांचं रेशन कार्ड वाचा. पिवळं आहे की केशरी? अंत्योदय (अगदी गरीब घरांचं कार्ड) असेल तर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य, प्राधान्य कुटुंब असेल तर माणशी ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे मोफत आहे. कार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का, बघा. मध्य प्रदेशातून किंवा गडचिरोलीकडून कामाला आलेली घरं असतात, धाकट्या दोन मुलांची नावं कधी चढलेलीच नसतात. प्राधान्य कार्डावर दोन नावं चढली की महिन्याला दहा किलो वाढतात, आणि तेही कुणाच्या मेहरबानीशिवाय. त्यासाठी तहसील आणि पुरवठा कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागतात. त्या बाईची एका खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. सहा मैत्रिणींपैकी एक जण तिच्यासोबत रांगेत उभी राहिली, कागद नीट लावले, तर तीन खेपांचं काम एकीत होतं.

जायची वेळ दुपारी दीडनंतरची ठेवा. सकाळची कामं आटोपून बायका तेव्हा घरी येतात. बसायला जे देतील त्यावर बसा. चहा नाकारू नका, साखर उसनी आणून केलेला असला तरी. तोच तर नाकारायचा नसतो. पहिल्या दोन भेटींत वही काढू नका. सहाही जणी एकदम जाऊ नका, दोघी पुरे. आणि मुलांसमोर त्यांच्या बापाला उपदेश करू नका.

विधवा किंवा एकटी आई असेल तर महिला व बालविकास विभागाच्या बालसंगोपन योजनेची चौकशी करा. पात्र मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. मी याला इतकं महत्त्व देते कारण बालगृहातली कितीतरी मुलं अशाच घरांतून आलेली असतात. बापाचा अपघात, भाडं थकलं, आईने मन घट्ट करून "तिकडे दोन वेळचं जेवण तरी मिळेल" म्हणून अर्ज केला. कायदा म्हणतो की संस्था हा शेवटचा उपाय. तुम्ही वाचवलेलं एक रेशन कार्ड म्हणजे पुढे बालगृहातली एक गादी रिकामी, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगायचे. थोडी अतिशयोक्ती आहे, फार नाही.

प्रश्न : त्याच वस्तीत चार महिन्यांच्या बाळाची आई फार अशक्त आहे. दुधाच्या पावडरचे डबे आणि बाटली देऊ का? (नंदनवन, याच गटातून)

नको. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाची पावडर आणि बाटली तुमच्या-माझ्यासारख्यांना वस्तीत दान देता येत नाही. कारण सरळ आहे : डबा संपतो, तोवर आईचं दूध कमी झालेलं असतं, मग पावडरीत पाणी वाढत जातं आणि ते पाणीही उकळलेलं नसतं. आईला खायला द्या, फल्लीदाणे, गूळ, अंडी, आणि अंगणवाडी सेविकेला व आशाताईला त्याच दिवशी गाठून बाळाचं वजन करून घ्या.

प्रश्न : शिकवताना एका मुलीने 'कुणाला सांगू नका' म्हणत एका मोठ्या माणसाबद्दल वाईट गोष्ट सांगितली. मी शब्द दिला आहे. आता?

शब्द मोडा, आजच. लैंगिक अत्याचाराची माहिती असून पोलिसांना न कळवणं हा पॉक्सो कायद्याखाली तुमचाही गुन्हा ठरतो. पोलिसांना सांगा, १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावरही कळवा. संस्थेतल्याच माणसाबद्दल असेल तर आधी संस्थेला विचारत बसू नका. मुलीला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, तिने वापरलेले शब्द तसेच लिहून ठेवा. तिला एवढंच सांगा : तू सांगितलंस ते बरं केलंस, आणि हे मला एकटीला सोडवता येणार नाही.

प्रश्न : आम्ही ज्याला शिकवलं तो मुलगा मार्चमध्ये १८ पूर्ण करतोय. पुढे त्याला काय मदत करावी? (प्रतापनगर)

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. अठराव्या वर्षी बालगृह संपतं. विदर्भात शंकरबाबा पापळकरांनी हाच प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. वझ्झरच्या त्यांच्या बालगृहातली दिव्यांग मुलं अठरानंतर जाणार कुठे, असं ते विचारत राहिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, प्रश्न अजून उभाच आहे.

तुमच्या मुलासाठी २१ वर्षांपर्यंत अनुरक्षण गृहाची (बालगृहानंतर राहायच्या जागेची) सोय असते, तिची चौकशी आताच करा, मार्चमध्ये नाही. आई-वडील दोघंही नसतील तर अनाथ प्रमाणपत्र काढून घ्या. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत आणि शिक्षणात २०१८ पासून अनाथांना एक टक्का आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राशिवाय त्याचा उपयोग नाही. आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतं का, बघा. बँकेचं खातं त्याने स्वतः एकदा चालवून पाहावं.

एवढं झाल्यावर तो भाड्याची खोली बघायला जाईल. घरमालक विचारेल, घरचं कोण आहे, फोन नंबर द्या. तिथे तुमचा नंबर चालेल का, हे त्याला आत्ता विचारून ठेवा.