हिरोच खलनायक होतो, आणि मुलाला तोच आवडतो

“मॅडम, आधी चांगला असतो हो तो हिरो. मग स्वतःच्याच माणसांवर उलटतो. आणि ह्याला नेमका तोच आवडतो! डोक्यात भलतंसलतं काही शिरणार नाही ना?”

बारा वर्षांच्या मुलाची आई विचारत होती. असं बरेच पालक विचारतात. इथे धास्ती जास्त होती, कारण मुलाने वर्गातल्या एकाला जोरात ढकललं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आईला बाहेर बसवून मी मुलाला म्हटलं, “मला ती गोष्ट सांग ना.” त्याने दप्तरातून ग्रीन लँटर्न या कॉमिकमधली १९९४ ची कथा काढली. हॅल जॉर्डन हा वैमानिक. मनात येईल ते हिरव्या प्रकाशातून घडवणारी अंगठी त्याच्या बोटात. त्याचं कोस्ट सिटी हे शहर शत्रू बेचिराख करतात, सत्तर लाख माणसं जातात. हॅल अंगठीच्या बळावर शहर पुन्हा उभं करतो, आईवडिलांशी बोलतो. अंगठीची ताकद संपते आणि सगळं विरून जातं. वर अंगठी देणारे गार्डियन्स त्याला दटावतात, की शक्ती स्वतःसाठी का वापरलीस? तिथून तो बिथरतो. आडव्या आलेल्या सहकाऱ्यांच्या अंगठ्या हिसकावतो, किलोवॉगसारख्या जुन्या मित्राचा जीव घेतो.

“तुला कुठली पानं आवडतात?” मला वाटलं, मारामारीची दाखवेल. त्याने शहर पुन्हा उभं राहतं ती पानं काढली. त्यांचे कोपरे हाताळून मऊ पडले होते.

“त्याने मित्राला मारलं ते?”

“ते चुकलंच. पण मॅडम, त्याचं गाव गेलं होतं. सगळे म्हणतात अंगठी परत दे. तू जेवलास का, असं कुणी विचारलंच नाही.”

हे कुटुंब मूळचं चिपळूणचं. २२ जुलै २०२१ च्या पुरात घरात पाणी शिरलं, पुढे ते पुण्याला आले. ज्याला त्याने ढकललं, तो मुलगा त्याला “पुरात वाहून आलेला” म्हणत होता.

पालकांना मी मनापासून सांगते, अशा गोष्टी हिसकावून घेऊ नका. हिरो नेमका कुठे चुकायला लागला, तेव्हा त्याच्याजवळ कोण हवं होतं, हे मुलाला विचारा आणि मग आपण गप्प बसा. “ते चुकलंच” हे ज्याला कळतं, त्याची काळजी वेगळी. मूल मुक्या जनावरांना छळत असेल, दुसऱ्याच्या वेदनेत मजा घेत असेल किंवा स्वतःला संपवायची भाषा करत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका. ढकलण्याबद्दल आम्ही वेगळं बोललो, त्याने त्या मुलाची माफीही मागितली.

पुढच्या वेळी दोघांना एकत्र बसवलं. मुलाचं “जेवलास का” हे वाक्य, त्याला विचारून, मी आईला सांगितलं. ती बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. “मीच म्हटलं होतं, आता मागचं काढायचं नाही. चिखलाने भरलेलं सगळं टाकून दिलं. ह्याची सायकलसुद्धा.”

“निळी होती,” मुलगा म्हणाला.

“निळी कुठली रे? तुझ्या आजोबांनी रंगवून हिरवी केली होती ना!”

मग दोघं सायकलीवरून वाद घालू लागले, आणि तिथून घराच्या जिन्यावर आले. किती पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या ते मोजायला लागले.