मुरुमांवरच्या नव्या औषधाला ‘फक्त 20 टक्के यश’ मिळत असेल, तर अशा संशोधनाला अर्थ आहे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वयाच्या 26 व्या वर्षीही हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मुरूम येतात, क्लास्कोटेरोन या नव्या मलमाच्या चाचणीत जेमतेम 20 टक्के रुग्णांना यश मिळाल्याचे आपल्या वाचनात आले, त्वचारोगतज्ज्ञ मात्र स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाबाची जुनी गोळी सुचवत आहेत, आणि आपल्या शहरातील एका रुग्णालयाला आणखी एका मलमाच्या चाचणीसाठी रुग्ण हवे आहेत. अशा संशोधनावर विश्वास ठेवावा का आणि चाचणीत जावे का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. मुंबईतील एका रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात क्लिनिकल ट्रायलची समन्वयक म्हणून काम करते. त्यामुळे औषध कोणते घ्यावे हे मी सांगणार नाही, पण चाचणीतला आकडा कसा तयार होतो हे रोज पाहते आणि आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यातच आहे.

मुरुमांच्या चाचणीत ‘यश’ या शब्दाला फार कडक अर्थ आहे. डॉक्टर चेहरा एकूण पाहून 0 ते 4 अशी श्रेणी देतात: 0 म्हणजे चेहरा स्वच्छ, 1 म्हणजे जवळजवळ स्वच्छ, 4 म्हणजे तीव्र मुरूम. औषध यशस्वी ठरायचे तर रुग्ण 0 किंवा 1 वर यायला हवा आणि मूळ श्रेणीपासून किमान दोन पायऱ्या खाली उतरायला हवा. ज्या मुलीचे मुरूम निम्म्याने कमी झाले, जी स्वतः खूश आहे, जिच्या आईलाही फरक दिसतो, ती 3 वरून 2 वर आली असेल तर या हिशोबात ती अपयशीच धरली जाते. क्लास्कोटेरोनच्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून 1,440 रुग्ण होते. 12 आठवड्यांनंतर एका चाचणीत 18.4 टक्के आणि दुसरीत 20.3 टक्के रुग्ण या कसोटीला उतरले. ज्यांना औषध नसलेले नुसते मलम दिले होते, त्यांच्यात हेच प्रमाण 9 आणि 6.5 टक्के होते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ऑगस्ट 2020 मध्ये या औषधाला मान्यता दिली ती या फरकाच्या बळावर. म्हणजे 20 हा आकडा एकटा वाचायचाच नाही. त्याच्या शेजारचा आकडा वजा केल्यावर जे उरते ती औषधाची खरी कमाई, आणि ती इथे शंभरात साधारण नऊ ते चौदा रुग्ण एवढी आहे. हा फरक फार मोठा नाही, पण तो खरा आहे.

औषध नसलेल्या मलमाने तरी चेहरा का सुधारतो, असा प्रश्न संमतीपत्र वाचताना बहुतेक जण विचारतात. मुरूम मुळात चढउतार होणारा आजार आहे आणि माणूस चाचणीत येतो तो सहसा अगदी वाईट काळात, त्यामुळे पुढचे काही आठवडे काहीही न करता थोडे बरे जाण्याची शक्यता असतेच. शिवाय चाचणीत असताना रुग्ण चेहरा नियमाने धुतो, नाही नाही ती क्रीमे लावणे थांबवतो आणि दर भेटीला कोणीतरी आपला चेहरा मोजणार आहे हे त्याला ठाऊक असते. मोजणी खरोखरच एकेक करून होते. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी अशा क्रमाने डॉक्टर सूजलेले लाल मुरूम वेगळे आणि ब्लॅकहेड-व्हाइटहेड वेगळे मोजून आकडा मोठ्याने सांगतात आणि मी तो लिहून घेते. मग परत आणलेली ट्यूब वजनकाट्यावर ठेवायची. दोन्ही वेळा न चुकता लावले असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांच्या ट्यूबा कधीकधी आश्चर्यकारक जड भरतात, आणि औषधाच्या नावावर जमा होणाऱ्या अपयशात या न लावलेल्या मलमाचाही वाटा असतो.

आता आपल्या डॉक्टरांच्या जुन्या गोळीकडे येते, कारण माझ्या मते मुरुमांवरचे अलीकडचे सर्वांत उपयोगी संशोधन नव्या औषधी रेणूवर नव्हे तर याच गोळीवर झाले आहे. स्पायरोनोलॅक्टोन अँड्रोजेन या पुरुषी संप्रेरकांचा परिणाम अडवते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञ प्रौढ स्त्रियांना ती अनेक वर्षे देत होते. पण गोळी स्वस्त, पेटंट केव्हाच संपलेले, त्यामुळे मोठ्या चाचणीवर पैसे खर्च करण्यात कोणत्याही कंपनीला रस नव्हता. अखेर ब्रिटनमध्ये सरकारी निधीतून ‘साफा’ ही चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2023 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. इंग्लंड आणि वेल्समधील दहा केंद्रांवर 410 स्त्रिया होत्या. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. लावायची मलमे चालू ठेवण्याची मुभा दोन्ही गटांना होती.

या चाचणीत 12 आठवड्यांनंतर ‘मुरूम सुधारले का?’ असे स्त्रियांना विचारले तेव्हा औषधाच्या गटात 72 टक्के आणि दुसऱ्या गटात 68 टक्के ‘हो’ म्हणाल्या, म्हणजे फरक नसल्यातच जमा. तोच प्रश्न 24 आठवड्यांनंतर विचारला तेव्हा 82 विरुद्ध 63 टक्के असे उत्तर आले. चाचणी तीन महिन्यांवर गुंडाळली असती, तर रुग्णांच्या दृष्टीने गोळी जवळजवळ निरुपयोगी ठरली असती. आणि डॉक्टरांच्या श्रेणीने मोजलेले 12 आठवड्यांचे यश किती होते? 19 विरुद्ध 6 टक्के. हे रुग्ण वेगळे आणि चाचणी वेगळी, त्यामुळे थेट तुलना करता येत नाही. तरीही ज्या ‘फक्त 20 टक्क्यां’नी आपण नाउमेद झालात, तो आकडा किती कडक मोजपट्टीचा आहे हे यावरून लक्षात यावे. डोकेदुखीची तक्रार गोळी घेणाऱ्यांत अधिक होती, गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत. मात्र पोटातील मुलग्याच्या वाढीवर परिणाम होण्याचा धोका असल्यामुळे ही गोळी गरोदरपणात चालत नाही. लग्न किंवा मूल यांचा विचार चालू असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. आपल्याकडे अविवाहित मुलीला हा प्रश्न विचारायलाच काही डॉक्टर संकोचतात.

उलट टोकाचे उदाहरण लेझरचे आहे. तेलग्रंथी तापवणाऱ्या 1726 नॅनोमीटरच्या लेझर यंत्रांना अमेरिकेत 2022 मध्ये परवानगी मिळाली. त्यांपैकी एव्हिक्लिअर या यंत्राच्या मुख्य अभ्यासात सुमारे 80 टक्के रुग्णांचे सूजलेले मुरूम निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाले. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्या अभ्यासात तुलनेचा गटच नव्हता आणि यशाची व्याख्याही सैल होती. जाहिरातीत 80 दिसते आणि शोधनिबंधात 20, तेव्हा दोन्हीकडे मोजले काय हे आधी पाहावे. लसीबद्दलही अधूनमधून बातम्या येतात. सनोफी या औषध कंपनीने 2024 मध्ये मुरुमांवरच्या एमआरएनए लसीची मानवी चाचणी सुरू केली, पण ती सुरुवातीच्या टप्प्यातली होती, तिच्या भरवशावर आजचे उपचार लांबवू नयेत.

एक गोष्ट मात्र मला खटकते. मुरूम गेल्यावर मागे राहणारे काळे डाग या मुख्य मोजणीत धरलेच जात नाहीत. सावळ्या त्वचेवर ते महिनोन्महिने टिकतात आणि आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी मुरुमांपेक्षा डागांनीच बेजार असतात. श्रेणी 0 मिळालेली रुग्ण आरशात पाहून ‘काहीच फरक नाही’ म्हणते तेव्हा ती खोटे बोलत नसते. ट्रायफॅरोटिनसारख्या औषधाबाबत डागांचा वेगळा अभ्यास झाला आहे, पण तसे अभ्यास अजून थोडेच आहेत.

राहिला चाचणीत सहभागी होण्याचा प्रश्न. भारतात अशी चाचणी सुरू करण्यापूर्वी तिची नोंदणी आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या सीटीआरआय या नोंदवहीत करणे 15 जून 2009 पासून बंधनकारक आहे आणि ही नोंद कोणालाही इंटरनेटवर मोफत पाहता येते. चाचणी किती आठवड्यांची आहे, तुलना कशाशी आहे आणि यश कशाला म्हणणार आहेत, हे तिथे लिहिलेले असते. क्लिनिकल ट्रायलसाठीच्या 2019 च्या नियमांनुसार एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांचे हित पाहणाऱ्या नैतिकता समितीची, मंजुरी आवश्यक असते, चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत मिळतात आणि भरपाईचीही तरतूद आहे. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. सही केल्यानंतरही केव्हाही बाहेर पडता येते. सध्याची औषधे किती आठवडे आधी बंद करावी लागतील हे जरूर विचारा, कारण त्या काळात मुरूम उसळू शकतात. औषध नसलेल्या गटात गेल्यास शेवटी खरे औषध मिळणार का, हेही आधीच विचारून ठेवा. चाचणी चालू असताना स्पायरोनोलॅक्टोन बहुधा घेता येणार नाही, म्हणून आधी आपल्या डॉक्टरांशी बोला आणि मगच त्या रुग्णालयाला फोन करा. जाहिरातीवर सीटीआरआयचा क्रमांक छापलेला नसेल, तर पहिल्याच फोनमध्ये तो मागून घ्या.