आधी बूट, मग स्की
नागपूरहून गुलमर्गला जाऊन बर्फात स्वतःच्या पायांनी चढून स्की करण्याचा आपला बेत उत्तम आहे. मात्र पैसा आधी बुटांवर खर्च करावा. पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजावे, पातळ मोजे घालून बूट दुकानातच अर्धा तास पायात ठेवावेत आणि टाच उचलली जात असेल, तर सवलत कितीही असो, ते नाकारावेत. जाड मोज्यांसाठी एक माप मोठे घेणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे; मीही ती केली होती. पिनचे बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पिनांनी अडकवणारी पकड, घेणार असाल, तर बुटांना पुढे-मागे त्यासाठीच्या धातूच्या खाचा असाव्यात. स्की मध्यभागी ९५ ते १०५ मिलिमीटर रुंद असल्या तरी पुरे. पहिल्या वर्षी त्या भाड्यानेच घ्याव्यात. चढाईच्या स्किन, म्हणजे चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या, विकत घेतल्यास मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीत ठेवू नयेत, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यांचा गोंद खराब होतो.