जहाजावर दुखापत झाली : दर्यावर्दींच्या प्रश्नांना उत्तरे

मुअरिंगचा, म्हणजे जहाज धक्क्याला बांधायचा, दोर तुटून खांद्याला मार बसला. परदेशी बंदरात शस्त्रक्रिया झाली, मग मला घरी पाठवलं. आता कंपनी म्हणते, करार संपला, त्यामुळे उपचारखर्च आणि पगार दोन्ही बंद.

कराराची तारीख उलटली म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. दुखापत कधी झाली ते महत्त्वाचं, आणि ती तुम्ही कामावर असताना झाली. जहाजावर ज्या देशाचा झेंडा आहे, त्याने २००६चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार, म्हणजे एमएलसी, मान्य केला असेल, तर तुम्ही बरे होईपर्यंत किंवा अपंगत्व कायमचं ठरेपर्यंत उपचारखर्च मालकाकडे असतो. देशाच्या कायद्याला यावर मर्यादा घालता येते. मात्र ती दुखापतीच्या दिवसापासून किमान १६ आठवड्यांची हवी. घरी पोहोचेपर्यंत पूर्ण पगार. त्यानंतर किती, हे झेंड्याच्या देशाचा कायदा किंवा युनियनचा सामूहिक करार ठरवतो. तो सामूहिक करार आधी मिळवा. पुष्कळदा त्यात एमएलसीपेक्षा जास्त दिलेलं असतं.

हार्नेस, म्हणजे सुरक्षेचा पट्टा, न घालता चढलो आणि पडलो. कप्तान म्हणतात, चूक तुझी, काही मिळणार नाही.

इथे दोन वेगळे हक्क आहेत, त्यांची गल्लत होऊ देऊ नका. उपचार आणि पगार नाकारायला एमएलसीत तीनच कारणं आहेत : दुखापत जहाजाच्या कामाबाहेर झाली, जाणूनबुजून गैरवर्तन केलं, किंवा भरतीच्या वेळी आजार मुद्दाम लपवला. निष्काळजीपणा म्हणजे जाणूनबुजून केलेलं गैरवर्तन नव्हे. मालकाच्या हलगर्जीबद्दल कोर्टात भरपाई मागायची, तर मात्र तुमची चूक मोजली जाते. अमेरिकेच्या १९२०च्या जोन्स कायद्यात, उदाहरणार्थ, तुमच्या चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी होते. दावा बुडत नाही.

माझ्या भावाचा हात यंत्रात सापडला. कंपनीचा माणूस रुग्णालयात येऊन एकरकमी पैसे देतो म्हणतो, पण 'यापुढे कोणताही दावा करणार नाही' या कागदावर आजच सही हवी.

आज सही करू देऊ नका. जखम ताजी असताना हात पुढे किती चालेल हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. मग रक्कम कशाच्या आधारावर ठरली? १८ जानेवारी २०१७पासून लागू झालेल्या एमएलसीतल्या दुरुस्त्या नेमक्या अशा प्रसंगासाठी आहेत. नोकरीच्या करारातली अपंगत्वाची भरपाई पूर्ण आणि विनाविलंब द्यायची, कमी रकमेवर राजी होण्यासाठी दबाव आणायचा नाही. अपंगत्व किती हे ठरायला वेळ लागणार असेल, तर तोवर अंतरिम रक्कम द्यायची. करारातले पैसे घेतल्याने इतर कायदेशीर हक्क जात नाहीत. नंतर त्याच अपघातासाठी कोर्टाने भरपाई दिली, तर मालक तेवढी रक्कम वजा करू शकतो, इतकंच. या भरपाईसाठी मालकाकडे विमा किंवा तशी आर्थिक हमी असावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल असं लावावं लागतं. एखाद्या सहकाऱ्याला त्याचा फोटो काढून पाठवायला सांगा. त्यावर हमी देणाऱ्याचं नाव असतं, आणि भाऊ किंवा घरचे थेट त्याच्याकडे मागणी करू शकतात. पैशांची निकड मी समजू शकतो. म्हणूनच अंतरिम रक्कम लेखी मागा.

मी मासेमारी बोटीवर आहे. मला एमएलसी लागू आहे का?

नाही. मासेमारीसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००७चा वेगळा करार, क्रमांक १८८, आहे. तो फार थोड्या देशांनी स्वीकारला आहे, त्यामुळे तुमच्या देशाचा कायदाच आधी पाहावा लागेल.

इंजिनरूममध्ये बोट चेंगरलं. नोंद केली तर पुढचं जहाज मिळणार नाही, म्हणून गप्प आहे.

ही भीती खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण नोंद नसली, तर सहा महिन्यांनी बोट वाकेनासं झाल्यावर 'हे घरी झालं' असं म्हणायला कंपनी मोकळी. बंदरात शक्य असेल तेव्हा, विनाविलंब डॉक्टरकडे जाण्याचा हक्क तुम्हाला आहे, तोही फुकट. तक्रार केली म्हणून त्रास देण्यास एमएलसीत मनाई आहे. कप्तान ऐकत नसतील, तर बंदरातल्या तपासणी अधिकाऱ्याकडे जाता येतं. आजच अपघाताची नोंद करायला सांगा, तिची प्रत घ्या, आणि तारीख, वेळ, यंत्र, शेजारी कोण होतं, एवढं स्वतःच्या वहीतही लिहा.