सिंगापूरमध्ये घोड्यांच्या शर्यती कायमच्या बंद झाल्या का? मग आता तिथे पैसे कशावर लावतात?

हो, बंद झाल्या. शेवटचा दिवस ५ ऑक्टोबर २०२४, क्रांजीच्या मैदानावर. शर्यती भरवणारा टर्फ क्लब १८४२ सालचा, म्हणजे १८० वर्षांहून जुना कारभार संपला.

मूळ कारण जागा. क्रांजीचं १२० हेक्टरहून मोठं मैदान सरकारला घरांसाठी हवं आहे, आणि तेवढ्याशा बेटावर दुसरी जागा आणणार कुठून? प्रेक्षकही उरले नव्हते. २०१० मध्ये एका शर्यतीच्या दिवशी सरासरी ११ हजार लोक यायचे, शेवटी २,६०० वर आले. तीस हजारांच्या स्टँडमध्ये एवढीशी माणसं!

पैसे लावणं मात्र चालूच आहे. सिंगापूर पूल्स ही सरकारी मालकीची कंपनी परदेशातल्या शर्यतींवर रीतसर पैसे घेते. खासगी बुकी बेकायदा. पूल्सच्या दुकानाबाहेर आजही आजोबा मंडळी दिसतात: हातात घडी घातलेला पेपर, कानाला पेन, स्लिपवर खुणा करत उभी. घोडा धावतो हाँगकाँगला, हळहळ इथे.

महालक्ष्मी रेसकोर्सच्या जागेवरून मुंबईत चाललेला वाद ऐकला की मला क्रांजीच आठवतं.