पाळीव प्राणी न आवडणारा माणूस मनाने कोरडा असतो का?
माझ्या मते, नाही. कुत्र्यामांजरांची नावड आणि त्यांच्याशी केलेली क्रूरता या वेगळ्या गोष्टी असून, स्वभावाची परीक्षा फक्त दुसरीवरून होऊ शकते. नावडीमागे बहुधा साधी कारणे असतात: लहानपणी कुत्रा चावल्याने बसलेली धास्ती, रेबीजची भीती, घरातील सोवळे-ओवळे, किंवा मांजराच्या लाळेतील प्रथिनामुळे होणारी अ‍ॅलर्जी, जिच्यामुळे शिंकांनी आणि दम्याने बेजार झालेल्या माणसाला आपण उगाच माणूसघाणा ठरवतो.

नाशिकला इंदिरानगरमधील आमच्या शेजारच्या काकू कुणाचाही कुत्रा उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत आणि लिफ्टमध्ये तो दिसला तर जिन्याने जातात; पण एप्रिलच्या उन्हात भटक्या कुत्र्यांसाठी फाटकाजवळच्या सिमेंटच्या कुंडीत रोज सकाळी पाणी भरणाऱ्या त्याच, आणि कुंडी शेवाळली की नारळाच्या शेंडीने घासणाऱ्याही त्याच. उलट, थंड प्रदेशातल्या जातीचा महागडा हस्की कुत्रा दिवसभर तापलेल्या गॅलरीत बांधून ठेवणारे प्राणिप्रेमीही याच शहरात आहेत.

प्राण्यांवरील माया हा सज्जनपणाचा दाखला नव्हे, याचे टोकाचे उदाहरण हिटलरचे: ब्लाँडी या कुत्रीवर त्याचा जीव होता आणि त्याच्याच राजवटीने १९३३ मध्ये प्राणिसंरक्षणाचा कायदा केला. आपल्याकडील १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही प्राणी आवडलेच पाहिजेत असे म्हटलेले नाही. त्यांना विनाकारण वेदना देण्यास मनाई आहे. झोपलेल्या कुत्र्याला जाता-येता लाथ घालणाऱ्या माणसाशी सोयरीक जुळवण्यापूर्वी मात्र मी दोनदा विचार करीन.